सात दिवसांपेक्षा जुनं

मला राग लवकर येतो. आई म्हणायची, लोकांच्या नाकावर राग असतो, हिच्या रागावर नाक आहे. तेव्हा पुढे मी कुणाकुणावर चिडलेली दिसेन, त्याचं नवल मानू नका. हे सगळं घडलं त्या काळात मी ज्याच्यावर चिडले नाही असं एकच माणूस होतं, ते म्हणजे मी स्वतः.

मी पवनीची. भंडाऱ्याला एका संस्थेत कामाला होते, रोज एसटीनं जाणं-येणं. संस्था गावोगाव शिबिरं लावून सिकलसेल या आनुवंशिक आजारासाठी रक्ततपासणी करायची आणि प्रत्येकाला एक कार्ड द्यायची. लाल कार्ड म्हणजे आजार आहे. पांढरं म्हणजे काही नाही. पिवळं म्हणजे माणूस धडधाकट, पण रक्तात त्या आजाराचा अर्धा वाटा आहे. पिवळ्याला स्वतःला सहसा काही होत नाही. तो नांगर हाकेल, पोती उचलेल. पण पिवळ्यानं पिवळीशी लग्न केलं तर लेकरू लाल निघू शकतं. आमच्या बौद्ध घरांत पत्रिका कोणी पाहत नाही, पण ही कार्डं पाहायला लोक नुकतेच शिकत होते. काही घरांत तर सोयरीक ठरवायला आलेले पाहुणे चहाच्या कपाआधी कार्ड मागायचे.

माझं काम रक्ताशी नव्हतं, संगणकाशी होतं. केंद्रा-केंद्रावर शिबिराचे फॉर्म संगणकात भरले जायचे. नागपूरच्या प्रयोगशाळेकडून निकाल यायचे, त्यात नाव नसायचं, फक्त रक्ताच्या नळीचा नंबर. फॉर्मावरचा नंबर आणि निकालावरचा नंबर एकत्र आणून कोणाला कुठलं कार्ड छापायचं हे ठरवणारं एक सॉफ्टवेअर होतं. ते प्रत्येक केंद्रात रोज चालायचं आणि चालून झालं की एक लॉग लिहायचं, म्हणजे काय घेतलं, काय टाकून दिलं याची कच्ची वही. फॉर्ममध्ये एक खण जरी रिकामा असला तरी ते तो अख्खा माणूस बाहेर काढायचं. बाहेर काढलेल्या माणसाची नोंद त्या लॉगखेरीज कुठेच नसायची.

आणि हे सॉफ्टवेअर बोलकं किती! दहा फॉर्म वाचले तर शंभर ओळी लिहायचं. सुरू झालो, वाचतो आहे, वाचलं, पुन्हा पाहतो आहे. गोंदिया जिल्हा वेगळा होऊन दहा-बारा वर्षं झाली होती, तरी त्याच्या यादीत तिरोडा आणि आमगाव हे तालुके बसूनच होते, आणि ते का रिकामे आहेत याची तक्रार ते रोज करायचं. सगळ्या केंद्रांचे लॉग दुपारी बाराला आमच्या सर्व्हरवर येऊन पडायचे. तो सर्व्हर म्हणजे कोपऱ्यातल्या टेबलावरचं जुनं खोकं, त्याची डिस्क ती केवढी! आठवड्याला भरायची. डिस्क भरली की सगळं ठप्प. मग केंद्रांचे फोन सुरू. "मॅडम, जाऊन नाही राहिलं." "मॅडम, अटकून राहिलं." मी हातानं जुने लॉग उडवायची, की पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. रोज मरे त्याला कोण रडे, पण इथे रडायला मी एकटीच पगारावर होते.

शेवटी मी एक शेल स्क्रिप्ट लिहिली. फार काही नाही, चार-पाच ओळींचा हुकूम होता. सात दिवसांपेक्षा जुनी लॉग फाईल शोध आणि उडव. रोज दुपारी अडीचला ती आपोआप चालेल असं लावायचं. तीनला सर्व्हरवरच्या लॉगांतून बाहेर काढलेल्यांची, म्हणजे नाकारलेल्यांची, यादी बनायची, तेव्हा त्याआधी अर्धा तास झाडझूड झालेली बरी, असा माझा हिशेब.

पण आमच्याकडे बडेबाबू होते.

बडेबाबू सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, आणि संस्थेनं त्यांना कारभार पाहायला ठेवलं होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ते म्हणाले, कागद नष्ट करायचा तर तो आधी कुठल्या वर्गात बसतो ते ठरवलं पाहिजे. अ वर्ग कायमचा, ब, क ठराविक वर्षांचा, ड वर्ग नष्ट करण्याजोगा. आणि ड वर्गाचा गठ्ठासुद्धा जाळण्याआधी दोन माणसांनी सोडून पाहायचा, वाचायचा, दोघांनी सह्या करायच्या.

"सर, हे कागद नाहीत. हे लॉग आहेत," मी म्हटलं.

"लिहिलेलं आहे ना? मंग कागदच झाला."

डोकं फिरलं माझं. तीन दिवस मी त्यांना समजावत होते आणि ते तीन दिवस मान हलवत होते. चौथ्या दिवशी डिस्क भरली आणि फोन सुरू झाले. मी स्क्रिप्टला सांगितलं, आज उडवू नको, काय उडवशील त्याची नुसती यादी दे. ती यादी छापून मी बडेबाबूंच्या टेबलावर आदळली. घ्या, हा तुमचा ड वर्ग, वाचा.

आणि त्यांनी खरंच वाचायला घेतली! चष्मा लावून, बोट ठेवून, एकेक ओळ. फाईलचं नाव, केंद्र, तारीख. मी समोर उभी, इकडे फोन वाजतो आहे, आणि हे बोट मुंगीसारखं चाललेलं. दुसऱ्या पानावर ते थांबलं.

"हे काय आहे, बाई? एक जानेवारी. अन् साल पाहा. त्या साली आपली संस्था तरी होती का?"

"कॉम्प्युटरात असं येतं कधीकधी, सर."

"काहून येते?"

"जुना कचरा असतो. करा ना सही."

"कचरा तं आहे, पण एकाच केंद्राचा काहून?"

मी त्यांच्या हाताखालून कागद ओढून घेतला. हो, ओढून घेतला. लाज वाटते सांगायला. म्हटलं, सर, लोकांचे कार्ड अडून राहिले तुमच्या बोटापायी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेनाचं टोपण काढलं आणि सही केली. खाली मी केली. त्या दिवसापासून स्क्रिप्ट रोज अडीचला चालू लागली. डिस्क पुन्हा भरली नाही. फोन बंद झाले. मी दुपारचा डबा पहिल्यांदा गरम असताना खाल्ला.

दोनेक महिन्यांनी ती मुलगी पहिल्यांदा आली. आसगावची, बी.ए. झालेली, पाठीवर सॅक. दोन बसा बदलून आली होती. दाराशी उभी राहून म्हणाली, "मॅडम, माझं कार्ड नाही आलं. बाकीच्याईचे आले."

"तुमच्या केंद्रात विचार."

"केंद्रात म्हणते, आमी तं पाठवलं, भंडाऱ्याले विचारा."

मी नाकारलेल्यांची यादी पाहिली. तिचं नाव नव्हतं. म्हटलं, नाव अडकलेलं नाही म्हणजे पुढे गेलं आहे, येईल. ती गेली.

महिन्यानं पुन्हा आली. या वेळी तिनं सगळं सांगितलं. लाखांदूरकडचा मुलगा, घरच्यांनी पसंत केलेला, तिलाही पसंत. मुलानं आपलं कार्ड आधीच दाखवलं होतं, पिवळं. तिचा एक चुलतभाऊ लाल होता. लहानपणी ती त्याचे पाय चेपायची, रात्र-रात्र कण्हायचा म्हणे, आणि सतराव्या वर्षी गेला. "म्हणून मी घरी सांगून ठेवलं," ती म्हणाली, "माझं पांढरं आलं तरच तारीख धरा. पिवळं आलं तं नाही म्हणजे नाही. मले तो आवडते, तरीबी नाही."

मी पुन्हा यादी पाहिली. पुन्हा नाव नाही. खरं सांगते, मला तिचं कौतुक वाटायला हवं होतं, आणि वाटलंही असेल, पण वर आला तो वैतागच. यादीत नाव नाही म्हणजे नाही, किती वेळा तेच सांगायचं? तिच्या केंद्राची तर एकसुद्धा नोंद नाकारलेली नव्हती! बाकीची केंद्रं रोज पानभर चुका करायची. हे एकच केंद्र असं, की तीन महिन्यांत शून्य. मी आढावा बैठकीत ते सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. म्हटलं होतं, शिका काही त्यांच्याकडून. संस्थेनं त्यांना प्रशस्तिपत्र द्यायचं ठरवलं होतं.

तिसऱ्यांदा ती आली तेव्हा धान निघून गेलं होतं आणि धानाच्या रिकाम्या बांध्यांमध्ये लाखोळीचं पीक हिरवं झालं होतं. त्या दिवशी माझं सकाळपासून बिनसलेलं. एसटी अड्याळच्या पुढे बंद पडली, मी उभ्यानं दुसऱ्या गाडीतून आले, आल्या आल्या बडेबाबूंनी हजेरीपटाचा विषय काढला. आणि दारात ही.

"मॅडम, घरचे आता आयकून नाही राहिले. तारीख धराची म्हणतात." तिनं सॅकमधून एक चिठ्ठी काढली, घडी पडून पडून मऊ झालेली. "हा नळीचा नंबर आहे. याच्यावरून पाहता येत असन तं पाहा ना एकडाव."

आणि पाहता येत होतं! नागपूरच्या निकालांची यादी माझ्याच संगणकात होती. नंबर टाकायचा, शोधायचं, पाच मिनिटांचं काम. पण तसं एकेकाचं हातानं पाहायचं नाही असा मीच नियम केला होता, कारण एकाचं पाहिलं की दारात रांग लागते. मी चिठ्ठी हातात घेतली, आणि न उघडता परत दिली.

"अगं, तुला किती वेळा सांगू? नाकारलेल्यांत तुझं नाव नाही. काही असतं तर आलं असतं."

"मंग काही नाही ना, मॅडम?"

"काही नाही," मी म्हटलं. "जा घरी. लग्न कर."

तिचा चेहरा असा उजळला की मलाही दोन मिनिटं बरं वाटलं. तिनं सॅकमधून वर्तमानपत्रात गुंडाळलेली लाखोळीची भाजी काढून माझ्या टेबलावर ठेवली. घरी जाऊन मी ती केली, लसूण-मिरची घालून. छान झाली होती.

उन्हाळा लागला तेव्हा प्रशस्तिपत्र छापून आलं. मी पवनीची, ते केंद्र माझ्याच बाजूला, म्हणून नेऊन द्यायचं काम माझ्याकडे. मी गेले. तिथले ऑपरेटर भाऊ पन्नाशीचे, अतिशय सज्जन. त्यांनी मला खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला आणि संगणक सुरू केला. पडदा काळा झाला, वर इंग्रजीत दोन ओळी आल्या. त्यांनी न पाहताच एक बटण दाबलं आणि संगणक चालू झाला.

"हे काय होतं, भाऊ?"

"काही नाही, मॅडम. आतला सेल गेला आहे म्हनते. एफ-वन दाबलं का चालू होते."

"किती दिवस झाले?"

"दोनक वर्षं झाले असतीन. लाईन गेली का येतेच ते. अन् लाईन तं रोजच जाते."

मी पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात पाहिलं. एक जानेवारी. साल तेच, संस्थेच्या जन्माआधीचं.

"अहो भाऊ, तारीख चुकीची आहे ही! लावत का नाही तुम्ही?"

"तारखेचं काय काम पडते, मॅडम?" त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. "क्यालेंडर आहे ना."

मी चिडले. चांगला अर्धा तास चिडले. सेल बदलायला काय लागतं, घड्याळाच्या दुकानात मिळतो, दोन वर्षं नुसतं बटण दाबत बसलात, वगैरे. ते बिचारे हातात प्रशस्तिपत्र घेऊन ऐकत होते. माझी बस आली म्हणून मी थांबले, नाहीतर आणखी बोलले असते.

बसमध्ये खिडकीशी बसले तेव्हासुद्धा मनात त्यांनाच बोलत होते. आणि एकदम बडेबाबूंचं बोट डोळ्यांपुढे आलं. दुसरं पान. एक जानेवारी. एकाच केंद्राचा काहून?

त्या संगणकाचा लॉग दुपारी बाराला आमच्याकडे यायचा तो आपल्याच तारखेनं. जन्मतःच कित्येक वर्षांचा म्हातारा. अडीचला माझी स्क्रिप्ट यायची, सात दिवसांपेक्षा जुनं म्हणून त्याला उडवायची, आणि तीनला यादी बनायची तेव्हा त्या केंद्राचा लॉगच नसायचा. म्हणून शून्य. त्या केंद्रानं चुका केल्या नव्हत्या असं नाही. मी त्या रोज, वक्तशीर, वाचायच्या आधी पुसत होते. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. इथे दळणारी मीच आणि पीठ खाणारं कुत्रं मीच बांधलेलं.

दुसऱ्या दिवशी पोहोचल्याबरोबर मी स्क्रिप्ट बंद केली आणि त्या भाऊंना फोन लावला. त्यांच्या संगणकात सगळे जुने लॉग जसेच्या तसे होते, कारण त्यांनी आयुष्यात काही उडवलं नव्हतं. त्यांनी पाठवले. मी नाकारलेल्यांची नावं काढली, दोन पानं भरली. तिचं नाव दुसऱ्या पानावर. कारण: वयाचा खण रिकामा. एवढंच. मी तिचा नळीचा नंबर नागपूरच्या यादीत टाकला. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

पिवळं.

मी बडेबाबूंना सांगितलं, सगळं, कागद ओढल्यापासून. वाटलं आता बोलतील. बोलायलाच हवं होतं त्यांनी. मला ते हवं होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सही तं मीबी केली ना, बाई," ते म्हणाले. "जा तू पहिले आसगावले. बाकीचे नावं मी पाहतो."

ते दिवसभर बसून त्या दोन पानांतल्या एकेका नावासाठी फोन करत राहिले. मी तिचं कार्ड छापून घेतलं आणि निघाले. बस त्या दिवशी नेमकी वेळेवर होती, कुठे बंद पडली नाही, आणि मला तेही सहन होत नव्हतं. सारखं वाटत होतं, तारीख धरली असेल पण लग्न व्हायचं असेल. उन्हाळ्याच्या शेवटी करतात कितीतरी जण. पावसाच्या तोंडावरसुद्धा करतात.

घर विचारत गेले. अंगणात मांडवाचे बांबू अजून उभे होते. वर टाकलेल्या जांभळीच्या फांद्या वाळून पानं तपकिरी झाली होती. एक बाई खाटेवर पसरलेल्या वड्या उलटत होती, तिची आई. मी म्हटलं, भंडाऱ्याच्या संस्थेतून आले, मुलीचं कार्ड आणलं आहे.

"आता आनलं?" ती हसली. "तिचं लग्न होऊन बारा दिवस झाले, बाई. बसा ना. पानी आनतो."

तिनं पाणी दिलं, हात पदराला पुसले आणि कार्ड घेतलं. उलटंसुलटं करून पाहिलं.

"पिवळं आहे. लाल नाही ना? मंग झालं. जावयाचंबी पिवळंच आहे. दिवसभर ट्रॅक्टर चालवते, काही होत नाही त्याले."

मी खाटेच्या कडेला टेकले आणि तिला सांगितलं. दोघं धडधाकट आहेत आणि राहतील, पण लेकराचं तसं नाही. दर खेपेला चारांत एकाला लाल निघण्याची भीती. दिवस राहिले की पहिल्या दोन-तीन महिन्यांतच नागपूरला नेऊन तपासता येतं, त्याला उशीर करायचा नाही, मी स्वतः सोबत जाईन. हे सगळं मी दोनदा सांगितलं. ती वड्या उलटत ऐकत होती. मग तिचा हात थांबला. तिला पुतण्या आठवला असेल. मलाही त्याच्याबद्दल माहीत होतं, पण मी ते बोलले नाही.

"पन भंडाऱ्याच्या मॅडमनं तं काही नाही म्हनून सांगतलं होतं," ती म्हणाली. "आमची पोट्टी कोनाचंच आयकत नव्हती, बाई. दोन महिने तारीख धरू देल्ली नाही तिनं. बापाशी भांडली, माह्याशी भांडली. त्या मॅडमनं सांगतलं, तवा कुठी हो म्हटली."

मी ग्लास खाली ठेवला. एवढं सगळं आयुष्य मी लोकांना काहून, काहून म्हणून विचारत आले, आणि तिथे तिचा एकच प्रश्न यायचा होता तो मला दिसत होता.

"तुमी तेथंच काम करता ना?" ती म्हणाली. "कोन होती वं ती मॅडम?"

"मीच होती," मी म्हटलं.